मागून यायचं नाही

पिवळी क्लिप. गिअरच्या मुळाशी जो रबराचा घोळ असतो त्याच्या घडीत रुतून बसलेली, एक दात तुटलेला, आणि उरलेल्या दातांत एक लांबलचक बारीक केस – हा धाकटीचा, कारण थोरलीचे केस जाड आणि सरळ, तिच्या मतांसारखे... त्यानं नखानं उचकटून पाहिली. क्लिप हलली नाही. सकाळी हिच्यासाठी घरात केवढा आकांत झाला होता, गादी उलटून झाली, सोफा ओढून झाला, शेवटी धाकटी एका बाजूचे केस डोळ्यावर घेऊनच शाळेत गेली. आणि आज, नेमकं आज, तिला दोन्ही डोळ्यांनी रस्ता दिसायला हवा होता.

"सर, क्लच सोडू?"

"सोडा. सावकाश."

डॉक्टरबाईंनी तो सावकाश सोडला, म्हणजे एकदम सोडला. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. बाई दातांच्या डॉक्टर. उभा जन्म दुसऱ्यांना ‘घाबरायचं काही नाही, मोठा आ करा’ असं सांगण्यात गेला, आणि आता उतारवयात त्या स्वतःच खुर्चीत बसल्या होत्या. स्टिअरिंग असं धरलं होतं की कुठल्याही क्षणी ते मुळासकट हातात यावं.

"पुन्हा चालू करा. घाई नाही," तो म्हणाला, आणि त्यानं घड्याळाकडे पाहिलं. घाई होती. शाळा सुटत आली होती.

गाडी शिकवणं हा त्याचा धंदा. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो, आणखी एक क्लच असतो. स्टिअरिंग मात्र नसतं. म्हणजे कुठे जायचं ते दुसऱ्यानं ठरवायचं, आपण फक्त थांबवायचं. ‘घरातसुद्धा तुझं तेच आहे,’ असं बायको म्हणते, आणि ते अगदीच खोटं नाही, कारण इतक्या वर्षांत हा ब्रेक पायातून वर चढत अंगभर पसरला होता – जेवताना धाकटीनं पेला टेबलाच्या कडेला ठेवला की टेबलाखाली याचा उजवा पाय दाबला जातो, बागेत झोका जरा वर गेला की बाकाखालच्या मातीत खड्डा पडतो, आणि थोरली जेव्हा पहिल्यांदा भिंत सोडून आईकडे निघाली, दोन्ही हात पसरून, एखाद्या झिंगलेल्या न्यायाधीशासारखी गंभीर, तेव्हा यानं फरशीवर पाय असा आपटला की ती दचकून मटकन खाली बसली. पहिलं पाऊल तिथेच मोडलं. पुढचं तिनं टाकलं ते तो कामावर गेलेला बघून. योगायोग असेल. वर्षभराच्या पोरीला एवढं कळत असेल का?... आठ वर्षांच्या पोरीला कळतं, हे मात्र आज सकाळी सिद्ध झालं होतं.

"आजपासून आम्ही दोघीच घरी येणार," मोजे चढवता चढवता तिनं जाहीर केलं. आईशी तिचं आधीच ठरलेलं होतं. घरातले महत्त्वाचे ठराव त्याच्यापर्यंत मंजूर होऊनच येत. "आणि बाबा, तू मागून यायचं नाहीस."

"मी कशाला येतोय?"

"पोहायच्या वर्गाला आला होतास. खांबामागे उभा होतास."

"खांबच बघायला गेलो होतो. जुना खांब आहे."

"बाबा."

एवढंच. तिची आई त्याला हाक मारते तसं, पुढे पूर्णविराम देऊन.

"बरं, नाही येणार."

"लपूनसुद्धा?"

"लपूनसुद्धा. शब्द."

"आलास ना, तर मी तुला परत कध्धीच काही सांगणार नाही. शाळेतलं नाही, मैत्रिणींचं नाही. तू विचारलंस तरी ‘काही नाही’ एवढंच म्हणेन."

हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. दुकानदार ‘सुटे नाहीत’ म्हणतो तसं, निव्वळ माहिती म्हणून म्हणाली. "मीपण काही नाही म्हणेन," धाकटीनं ताईला पाठिंबा दिला, आणि थोडा विचार करून, "पण खाऊ आणलास तर सांगेन."

आणि रोज संध्याकाळी थोरलीचं ते सांगणं... बाईंनी कोणाला कोपऱ्यात उभं केलं, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या घरी मांजराला पिल्लं झाली. मधे एक शब्द न घालता ऐकायचं, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून – दिवसभरातला तेवढा एकच प्रवास, ज्यात माझा पाय गप्प असतो. तो बंद झाला तर...

पण शब्द काय दिला होता? मागून यायचं नाही. शिकवणीच्या गाडीतून, कामाच्या वेळेत, विद्यार्थिनीला घेऊन, सहज शाळेवरून जाणं, याला कोणी मागून येणं म्हणत नाही. एवढा युक्तिवाद करायला वकिलानं आगाऊ पैसे घेतले असते. त्यानं तो फुकटात केला आणि म्हणाला, "डॉक्टरबाई, आज जरा शाळेकडून घेऊ."

"तिकडे मुलं असतात हो!"

"म्हणूनच. हात साफ होईल."

गाडीच्या टपावर त्रिकोणी लाल पाटी होती, तिच्यावर हातभर अक्षरांत ‘शिकाऊ चालक’. पाळत ठेवायला याहून नालायक वाहन जगात शोधून सापडलं नसतं. हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा दोघी समोर दिसतही होत्या, फुटपाथच्या आतल्या अंगानं चाललेल्या. थोरलीनं धाकटीचा हात नव्हे, मनगट धरलं होतं – हात घामानं निसटतो, मनगट निसटत नाही... हे तिला कोणी शिकवलं? मी तर नाही.

"सावकाश. अजून सावकाश."

"सर, मागचे हॉर्न वाजवतायत."

"वाजवू द्या. त्यांनाही सराव हवा."

धाकटी थांबली. उभ्या केलेल्या स्कूटरखाली काहीतरी होतं, मांजर असावं. थोरली थांबली. गाडी थांबली. धाकटी निघाली, गाडी निघाली. एक म्हातारा काठी टेकत टेकत गाडीच्या पुढे निघून गेला आणि वळून त्यानं बॉनेटकडे सहानुभूतीनं पाहिलं... धाकटीला जन्मानंतर घरी आणलं त्या दिवशी असंच. स्वतः चालवत होता, मागच्या सीटवर दुपट्यात गुंडाळलेलं एवढंसं ओझं, आणि एक सायकलवाला खिडकीशी येऊन म्हणाला होता, ‘साहेब, धक्का मारू का?’

"त्या दोघी तुमच्या का हो?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कोण दोघी?"

"काही नाही," त्या म्हणाल्या.

मोठा रस्ता आला. घरी पोचायला ओलांडावा लागतो तो हा एकच. दोघी कडेला उभ्या राहिल्या, गाडी नाक्यावर पोचत होती, आणि त्याच क्षणी त्याला स्वतःचीच शिकवण आठवली. त्यानंच दोघींकडून घोकून घेतली होती: गाडीकडे बघायचं नाही, चालवणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं, त्याला तू दिसलीस असं तुला दिसलं की मगच पाऊल. म्हणजे आता ती काचेतून आत बघणार. नीट बघणार. थोरली कुठलंही काम अर्धवट करत नाही.

तो बुटाची लेस बांधायला वाकला. बुटाला लेस नव्हती.

डॅशबोर्डखाली अंधार होता, पायपुसण्यावर वाळू होती, आणि ब्रेक नाकासमोर होता – नाकासमोर, म्हणजे पायाखाली नव्हता. माणूस असा दुमडला की पाय सीटखाली जातात हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं. वर कालपरवाच ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबलेल्या बाई, समोर त्या दोघी, एकीच्या डोळ्यावर केस. आणि मधे मी, वाळू मोजतोय... पाय ओढून बघितला, निघेना. हातानं ब्रेक दाबावा तर खांदा अडकलेला. ओरडलो तर बाई दचकणार, उठलो तर थोरली बघणार – आणि बघू दे, बघू दे की, आयुष्यभर ‘काही नाही’ म्हण, पण... इंजिनचा आवाज चढला. मग उतरला. गाडी पुढे झुकली आणि थांबली, इतकी अलगद की वाळूचा कणही हलला नाही.

कुठेतरी हॉर्न वाजत होता. मग तोही गप्प झाला.

"या वर, सर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गेल्या पलीकडे तुमच्या मुली."

"तुम्हाला कसं..."

"मोठीचा जबडा तुमचा आहे. खालचा जरा पुढे. दातांची तार लागेल पुढेमागे."

तो सरळ बसला. पलीकडच्या गल्लीत दोन दप्तरं दिसेनाशी होत होती. ज्यासाठी एवढा खोटेपणा केला ते बघायचं राहूनच गेलं होतं.

"तिनं बघितलं तुमच्याकडे?"

"बघितलं? परीक्षकसुद्धा असं बघत नसतील हो! मी मान हलवली, तिनं हलवली, मग निघाल्या. छोटी भर रस्त्यात खाली वाकली, काय सापडलं होतं कोण जाणे. मोठीनं तिला ओढलं नाही, हं. माझ्याकडे हात केला – थांबा अजून. मी थांबले." जरा वेळानं त्या म्हणाल्या, "मीच थांबले. तुम्ही खाली होतात." आवाजात असा अभिमान होता की त्याला अभिनंदन करावं लागलं.

"आणि... तिनं शेजारी बघितलं का? या बाजूला?"

"ते नाही सांगता यायचं. मी रस्त्याकडे बघत होते. तुम्हीच शिकवलंय ना."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा गॅलरीत एकच टॉवेल वाळत होता, आणि बायको तो पुन्हा झटकत होती. "मी काही वाट बघत उभी नव्हते," तिनं आपणहून सांगितलं. "हा टॉवेल वाळतच नव्हता."

थोरली दूध पीत बसली होती. तो समोर बसला. विचारायचं धाडस होईना, पण तिनं न विचारताच सुरुवात केली; मांजर, ते स्कूटरखालून कसं येईचना, धाकटीला रस्त्यात सापडलेलं बटण, आणि मग तो रस्ता. "एक आजी गाडी चालवत होत्या. शिकत होत्या बिचाऱ्या. त्यांनाच माझी भीती वाटत होती."

"मग?"

"मग मी थांबा म्हटलं. त्या थांबल्या."

"छान..." आता गप्प बसायचं होतं. बसवलं नाही. "एकट्याच होत्या त्या?"

थोरलीनं पेला संपवला, मनगटानं ओठ पुसले. "शेजारी कोणी दिसलं नाही," ती म्हणाली. धाकटीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, ताईकडे पाहिलं, तोंड मिटलं, आणि बटण दाखवायला आतल्या खोलीत पळाली. थोरली तिच्या मागोमाग गेली. जाता जाता तिनं रिकामा पेला टेबलाच्या कडेपासून आत सरकवला.

कोणी दिसलं नाही. मी वाकलेला होतो, खरंच दिसलो नसेन... मग ती माझ्याशिवाय रस्ता ओलांडून आली. आणि दिसलो असेन, तर ती मलाही बरोबर घेऊन आली. संध्याकाळपर्यंत कोणाला कळू न देता सांभाळून आणलं आणि इथे टेबलाशी नीट बसवलं. आता विचारलं तर सांगेल ती, आणि सांगेल ते खरंच सांगेल. पण विचारावंसं वाटेना – आणि हे काहीतरी वेगळंच होतं, अनोळखी. आता वाटेल, मग वाटेल म्हणून त्यानं जीव मुठीत धरून वाट पाहिली, तरीही वाटेना.

आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला, मग काहीतरी धपकन पडल्याचा, मग कुजबूज. बायकोनं टॉवेलाची घडी करता करता त्याच्याकडे पाहिलं. तो उठला नाही. काय पडलं असेल, कशाला हसल्या असतील, कोणाला... असू दे. त्यांचं त्यांच्यापाशी असू दे थोडं. मनात कुठेतरी एक जागा मोकळी झाली होती. घरातलं एखादं जड कपाट कोणी हलवून नेल्यावर भिंतीवर उजळ चौकोन उरतो, आणि तो नवा की जुना हे पटकन कळत नाही, तसं... तो त्या चौकोनाकडे बघत बसून राहिला.