चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये

"लिहिलंस का? लिफ्ट दुरुस्त करणारे दाजी स्वतःच लिफ्टमध्ये अडकले," मामा म्हणाला आणि सवयीने आधी स्वतःच हसला.

बाबांच्या पंचाहत्तरीला वाचायला मी सगळ्यांकडून त्यांच्या आठवणी गोळा करत होते. अकरापैकी नऊ जणांनी हाच किस्सा सांगितला. चाळीस वर्षं चोख काम केलेल्या माणसाची एवढीच कमाई? मला संताप आला. खरं सांगायचं तर थोडा बाबांचाही. ते अडकले त्याच संध्याकाळी शाळेत माझं बक्षीस होतं, आणि ते आले नव्हते.

बाबा म्हणाले, "अडकलो होतो. तसंच लिही."

उरल्या होत्या आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या इमारतीची लिफ्ट बाबा सांभाळायचे. एके काळी बाईंच्या चपला वाजल्या तरी वर्ग चिडीचूप व्हायचा. आता त्या नव्वदीला टेकल्या होत्या आणि तळमजल्यावर राहत होत्या. किस्सा ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"अडकले होते मी. तुझ्या बक्षीस समारंभालाच निघाले होते. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये, काळोखात. लहान पोरासारखी रडत होते गं. सुटा भाग येईपर्यंत तीन तास तुझे वडील लिफ्टच्या टपावर बसून माझ्याकडून पाढे म्हणवून घेत होते. सुटल्यावर म्हटलं, हे कळलं तर शाळेत मला कोण भिणार? मग त्यांनी मला पाचव्यावर घरी सोडलं, आणि खाली जमलेल्या लोकांसमोर लिफ्टमधून स्वतः बाहेर आले. मी काही पुन्हा लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही."

"हे लिहू?"

"लिही. माझ्यासमोर वाच."

पंचाहत्तरीला बाई काठी टेकत, थांबत थांबत आमचे दोन जिने चढून आल्या. मी वाचलं. मामाचा पेला हातातच राहिला. बाबांनी आधी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली तेव्हा कुठे ते बोलले.

"शब्द दिला होता," ते मला म्हणाले. पस्तीस वर्षांचा माझा रुसवा तिथेच संपला. असा बाप माझा आहे, हे मला रस्त्यावर जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं.

निघताना बाई जिन्याकडे वळल्या. मामाने लिफ्टचं दार उघडून धरलं. "दाजी, आधी तुम्ही."

बाबांनी बाईंपुढे हात केला. "चला बाई. एकोणतीसचा राहिलाय."

दार लागलं. लिफ्ट खाली निघाली, आणि आतून बाईंचा तोच शाळेतला खणखणीत आवाज आला, "एकोणतीस एके एकोणतीस."