मुक्या पियानोचा गुण

पैज लावून सांगतो, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. एका माणसाच्या पियानोनं लोकांचे मोतीबिंदू विरघळले, टकलावर केस उगवले, एका बाईच्या तर न्हाणीघराच्या भिंतीची ओल गेली. थाप वाटते? त्याच्या ऑनलाइन मैफलीखाली ऐकणाऱ्यांनीच तसं लिहिलं होतं, हजारोंनी.

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या एका घरच्या थोरल्या लेकीला ते वाचून चीड यायची. कारण तिच्या आईनं त्या पियानोपायी इन्सुलिनची सुई बंद केली होती. पायाची जखम चिघळली होती. पट्टी सोडली की खोलीभर वास सुटायचा. हे वेड लावलं मावशीनं. आई म्हणायची, "सुरांनी साखर उतरते गं. एवढे लोक काय खोटं बोलतात?"

त्या रविवारी आई स्टुलावर पाय ठेवून बसली, शेजारी मावशी, पुढ्यात टॅब. पडद्यावर पांढऱ्या झग्यातले नादगुरू अवतरले. पाकात घोळवलेल्या आवाजात म्हणाले, "मी वाजवत नाही, नाद मला वाजवतो. शंकेखोराच्या देहात सूर शिरत नाही." म्हणजे गुण आला तर गुरूंचा, नाही आला तर खोट तुमच्यात.

मग गुरूंनी कॉलरचा माइक काढून ठेवला आणि बोटं पियानोच्या पट्ट्यांवर टाकली. बोटं धावली, मान डोलली, आवाज मात्र शून्य. पियानोचा माइक सुरू करायला स्वारी विसरली होती.

खाली प्रतिक्रियांचा लोंढा सुरूच. "अहाहा, काय सूर लागलाय." "डोळ्यांचं पाणी खळेना." "माझी साखर आत्ताच उतरली."

"आला," मावशी डोळे मिटून म्हणाली. "गुडघ्यात शिरला बघ."

थोरलीनं टॅबचा आवाज पार वाढवला. चिडीचूप. तेवढ्यात कोणीतरी लिहिलं, "आवाज येत नाहीये." ते लगेच पुसलं गेलं. दुसऱ्या कोणी तेच लिहिलं, तेही गायब.

"बघितलंस आई? कौतुक आधीच लिहून ठेवलंय, वेळ झाली की सोडून देतात. खरं बोलेल त्याला पुसतात. अगं, पियानो ऐक, रडू आलं तर रड, मीही रडेन तुझ्याबरोबर. पण साखर रक्तात असते. ती तपासायची, औषधानं ताब्यात ठेवायची. आणि शंका येईल तिथं विचारायचं, अगदी मलासुद्धा."

"श्रद्धा असली की येतं ऐकू," मावशी तशीच डोलत राहिली.

आईनं आपल्या पायाच्या पट्टीकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"थोरले, आधी माझी साखर बघ. आणि तू गं, गुडघ्यात काय शिरलं म्हणालीस? मला तर नुसती पंख्याची खरखर ऐकू येतेय. खोटं बोलतेस तू."