नाडीचा रकाना

मित्रांनो, मी निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली एक वही आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, एका घराच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या खणात मी राहते. कारखान्यातून माझ्यासारख्या हजारो निघाल्या असतील. पण ओरेस्ट डॅनिलुकने सुताराच्या पेन्सिलीने माझ्या अंगावर रेघा मारल्या, तोच माझा खरा जन्म.

ओरेस्ट शेतीची यंत्रे दुरुस्त करतो आणि प्रत्येक यंत्राची वही ठेवतो. त्याची मुलगी लारिसा सोळा वर्षांची. गावच्या मुलींच्या संघात ती बर्फावरची हॉकी खेळायची, बचावाच्या फळीत. आदल्या वर्षी प्रांताच्या निवडीत तिला वगळले होते. शेवटच्या डावात तुझे पाय जड होतात, असे तोंडावर सांगितले होते. ते तिच्या फार जिव्हारी लागले. म्हणून बापाने तिच्या एकटीसाठी बारा आठवड्यांचा सराव आखला आणि रकाने पाडले: धावण्याच्या वेळा, उड्या, सकाळी उठल्याउठल्या नाडीचे ठोके आणि शेवटी 'अंग कसे आहे?' अखेरच्या पानावर त्याने मोठ्या अक्षरांत 'मूल्यमापन' लिहिले.

"टाटो, मी पोरगी आहे, हार्वेस्टर नाही," लारिसा म्हणाली. बापाला ती टाटो म्हणे.

"हार्वेस्टर उलट उत्तरं देत नाही," तो म्हणाला.

ते दिवस फार चांगले होते. खडीच्या रस्त्यावर ती ट्रॅक्टरचा जुना टायर कमरेला बांधून पळायची आणि घामेजल्या हाताने माझ्यात आकडे लिहायची. आठव्या आठवड्यापर्यंत तिच्या वेळा भराभर सुधारल्या. नाडी चौसष्टवरून छप्पन्नवर आली. ओरेस्ट मला बगलेत मारून कामावर नेई आणि आल्यागेल्याला दाखवी. खरे सांगते, मलाही तेव्हा मूठभर मांस चढले होते.

नवव्या आठवड्यात तिला ताप आला. तरी तिने एका दिवसाचा खाडा केला नाही. आमच्या भागात गारपिटीने उभा गहू झोपला तरी माणूस 'तसं ठीक आहे' म्हणतो. कण्हण्याची इथे लाज वाटते. लारिसाने शेवटच्या रकान्यात 'ठीक' लिहिले. दुसऱ्या दिवशीही 'ठीक'. पण शेजारच्या रकान्यात खोटे लिहायचे तिला सुचले नाही. सत्तर. अठ्ठ्याहत्तर. पंच्याऐंशी. पुढे ताप उतरला, आकडे उतरले नाहीत.

"ओरेस्ट, पोरगी दोन घास खाऊन उठते," तिची आई नादिया म्हणाली. "आठवडाभर झोपू दे की तिला."

"निवड होऊ दे. मग झोपेल महिनाभर."

"आई, तू मध्ये पडू नकोस गं. ठीक आहे मी," लारिसा म्हणाली.

बारावा आठवडा संपला. ओरेस्टने पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याचे आकडे शेजारी शेजारी मांडले.

"सुधारलीस. पण आठव्या आठवड्यात याहून बरी होतीस. पाय कुठे विसरून आलीस?"

"निवडीची धास्ती, दुसरं काय."

"आणि ही नाडी अशी का?"

"घाईत मोजली असेल."

त्याने लिहिले: 'सर्व सुधारले. नाडी: मोजण्यातली चूक. बदल: काही नाही.' यंत्राच्या आवाजात जरा फरक पडला तर तो अख्खे यंत्र खोलतो. इथे त्याने मला मिटून ठेवले. वहीला तोंड नसते, मित्रांनो. असते तर मी ओरडले असते.

निवडीच्या सामन्यात मी त्याच्या मांडीवर होते. शेवटच्या डावात समोरच्या संघाची मुलगी, या खेळात चेंडूऐवजी असते ती चकती घेऊन, गोलकडे एकटीच सुटली. लारिसा मैदानाच्या दुसऱ्या टोकापासून तिच्यामागे धावली, तिला गाठले आणि चकती काढून घेतली.

"बघ नादिया, शेवटच्या डावात," ओरेस्ट म्हणाला.

लारिसाने कठड्याला हात लावला आणि ती हळूच खाली बसली. सगळ्यांना वाटले, दम खाते आहे. ती पुन्हा उठलीच नाही.

तापाने तिच्या हृदयाला सूज आली होती. विश्रांती मिळाली असती तर बहुतेक वाचली असती, असे डॉक्टर म्हणाले.

मातीहून परतल्यावर ओरेस्टने मला उघडले. नाडीचा रकाना बोटाने वरून खाली वाचला. मग अखेरच्या पानावर आला.

"नादिया, हे मी लिहिलंय?"

"अक्षर तुझंच आहे," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

मित्रांनो, आपल्या मेहनतीचा हिशोब मांडताना जो आकडा डोळ्यांत खुपतो, तो आधी वाचा. त्याला चूक म्हणायची घाई करू नका. आणि आजारी असाल तर तसे लिहा, तसे सांगा. एखादा सामना हुकला तर हुकू द्या.

ओरेस्ट अजून रोज सकाळी मला खणातून काढतो. नवी तारीख लिहितो आणि नाडीच्या रिकाम्या चौकटीवर पेन्सिल टेकवून बसतो. मग काहीच न लिहिता मला मिटतो. माझी आता तीनच पाने उरली आहेत. ती संपल्यावर हा माणूस सकाळी उठून काय करील, या विचाराने माझा जीव तुटतो.