अण्णांचा अंतरा

काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या घरात हिमानी लॅपटॉपवर गाणी रचायची. खिडकीला रजई टांगायची, पंखा बंद करायची. आधी तानपुरा, मग ठेका, त्यावर छोट्या कीबोर्डवरून हार्मोनियम आणि शेवटी आवाज. खाली मोटरबोट फटफटली की टेक पुन्हा. तिच्या एका भजनाचा अंतरा तिच्या वडिलांनी, अण्णांनी गायला होता. जन्मभर वेदपाठशाळेत संथा देऊन घोटलेला त्यांचा आवाज. हेडफोन मात्र त्यांनी एकाच कानाला लावू दिला. "दुसरा मला ऐकायला लागतो," म्हणाले. फाल्गुनात ते गेले.

मिक्सिंगसाठी तिनं सगळे ट्रॅक सुटे करून मावसभाऊ केयूरकडे दिले. काशीतल्याच लंका भागात त्याचा स्टुडिओ होता. भजन छान झालं. वर्षश्राद्धाला ऐकवायचं ठरलं.

कार्तिकी पौर्णिमेच्या, काशीतल्या देवदिवाळीच्या, आदल्या दिवशी ती फुलं घ्यायला घाटावर उतरली. समोरून सुपारीची जाहिरात करणारी नाव चालली होती. भोंग्यातून अण्णा गात होते, "केसरी दाना, मुँह में सुहाना."

ओळ सोडताना स्वर किंचित दाबायची लकब त्यांचीच. मागे ढोलकीचा धिंगाणा. शेजारचा माणूस गुणगुणला आणि पायरीवर लाल पिंक टाकून पुढे गेला. हिमानीच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

ती तशीच रिक्षा करून लंकेला गेली.

"त्या जाहिरातीत अण्णांचाच आवाज आहे ना?" तिनं विचारलं.

केयूर आधी हसला. "पहचान लिया? बघ, इतका क्लीन ट्रॅक मिळतो कुठे! सॉफ्टवेअरला दिला, त्यानं आवाज शिकून घेतला. आता काहीही गाऊन घ्या."

"ते सुपारीला हातसुद्धा लावत नसत, केयूर."

"ताई, कुणाला कळतंय? उलट काका अमर झाले." त्यानं चहाचा कप पुढे सरकवला. बोलताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात साय चिकटली होती. तिला त्या कपाची, त्या खुर्चीची, आपण या माणसाला दरवर्षी ओवाळतो याचीसुद्धा किळस आली.

"तो शिकलेला आवाज पुसून टाक."

त्यानं तिच्यासमोर फाइल पुसली. "माझ्याकडची गेली. क्लायंटकडे तो है ही."

"यंदा भाऊबीजेला आलास ते शेवटचं," ती म्हणाली आणि निघाली.

सुपारीवाल्यांना तिनं फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. नाव पौर्णिमेला फिरलीच.

घरी तिनं लॅपटॉप उघडला, बाकीचे ट्रॅक बंद केले आणि अण्णांचा अंतरा एकटा लावला. शुद्ध, मूळ आवाज. पण पहिल्या ओळीचा शेवट आला आणि तिचं मन पुढे "केसरी दाना" म्हणून मोकळं झालं. तिनं झटकन बंद केलं.

आई, पद्माताई, गुडघ्यांमुळे घाटावर उतरत नसत, मागच्या खोलीतच असत; भोंगा तिथवर पोचत नसे. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. "त्यांचं लावलं होतंस ना?" त्या दारातून म्हणाल्या. "मला ऐकव की."

हिमानीनं त्यांना बसवलं, दोन्ही कानांना हेडफोन नीट लावले आणि अंतरा सुरू केला. आईंनी डोळे मिटले.

"किती स्वच्छ आलाय गं आवाज," त्या मोठ्यानं म्हणाल्या.

हिमानी मोरीत गेली आणि पुन्हा पुन्हा चुळा भरत राहिली.