पक्का दोरा

मी शिवलेलं बटण निघत नाही. माझ्या शिलाईच्या दुकानात येणारं कुणीही हे सांगेल. त्यामुळे माझी भाची शाळेतून पुन्हा एकदा बिनबटणाचा शर्ट घालून आली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. गालात सतत काहीतरी धरून असते म्हणून आम्ही तिला खारूताई म्हणतो. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, नर्स आहे. ती कामावरून येईपर्यंत पोरगी माझ्याकडेच असते.

"बटणं खातेस का गं? गेली कुठे?"

"पडली," ती म्हणाली आणि कापडाच्या गठ्ठ्यामागे जाऊन बसली.

पडली म्हणे! मी इरेला पेटले. जाड दोरा घेतला, आतून कापडाचा तुकडा लावला आणि बटणं अशी बसवली की हत्तीने ओढली तरी हलू नयेत. दुसऱ्या दिवशी शर्टाची अख्खी पट्टीच लोंबत होती.

मी पुन्हा सुईत दोरा ओवायला घेतला. तशी ती जवळ आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "मावशी, कच्चं शिव ना. घट्ट असलं की त्या मुली जास्त वेळ ओढत बसतात."

मी सुई खाली ठेवली. इतके दिवस मी शर्टाची काळजी करत होते. शर्टाच्या आतली पोर मला दिसलीच नव्हती. मी तिला कुशीत ओढलं.

"उद्या मी येते शाळेत."

"नको! तू भांडशील."

खोटं नव्हतं. माझं तोंड सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

"नाही भांडणार. तूच बोल. मी नुसती शेजारी उभी राहीन. शप्पथ!"

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत ही नुसती शर्टाची पट्टी चाळवत राहिली. माझी जीभ वळवळत होती, दातांखाली धरून ठेवली. मग तिने माझं बोट पकडलं आणि अडखळत तिघींची नावं सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आजच तिघींच्या आईवडिलांना बोलावते म्हणाल्या. मग मायेने विचारलं, "बाळ, घरी आधीच का नाही सांगितलंस?"

"मावशी बटणांचंच विचारायची," ती म्हणाली.

मी तिथेच खाली बसले, तिला घट्ट धरलं आणि स्वतःच्या शाळेच्या दिवसांतही कधी रडले नव्हते इतकी रडले.