सोमारीच्या तुंब्यातली कुपी

माझ्या पोटात आता थेंबभर पाणीही ठरत नाही. तरी मला निकामी म्हणायची आमच्या गावात कुणाची छाती होत नाही. मित्रांनो, मी एटापल्लीकडच्या रानातला एक जुना तुंबा आहे. माझी गोष्ट ऐकून हळहळू नका. राग आला, तर मात्र खुशाल येऊ द्या.

चैतूबाबाच्या कुडावर भोपळ्याचा वेल होता, तिथं मी धरलो. मी वेलीवरच वाळलो, तेव्हा चैतूबाबानं देठाजवळ भोक पाडून माझ्या पोटात पाणी आणि बारीक खडे भरले. कडूपणा जाईपर्यंत मला हलवलं, धुतलं, उन्हात ठेवलं, मग दोरीचं जाळं विणून खांद्याला अडकवलं. पुढं कितीतरी उन्हाळे मी त्याच्याबरोबर रान फिरलो. मोहफुलं वेचणारी, विड्यांसाठी तेंदूपत्ता तोडणारी माणसं सावलीला येत, मला तोंडाला लावत आणि म्हणत, "बाबा, तुह्या तुंब्याचं पानी म्हन्जे जीव हाय!" मी आतून फुलून जायचो.

मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. एकदा दगडावर आपटून माझ्या बरगडीला चीर गेली. चैतूबाबानं मला चुलीवरच्या आढ्याला टांगलं, आणि पुढं तोही हे जग सोडून गेला. धूर खात मी लोंबकळत राहिलो.

मला खाली काढलं ते त्याच्या सुनेनं, सोमारीनं. कारण होती तिची लेक दीपिका.

मोहाच्या दिवसांत दीपिकाला मधमाशी चावली. एकच. रानातल्या पोरांना माश्या चावतातच. आई चुना लावते, पोर पुन्हा खेळायला पळतं. पण दीपिकाचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आणि श्वास घेताना छातीत शिट्टी वाजायला लागली. सोमारीनं तिला पाठीवर घेतलं आणि ती उपकेंद्राकडं धावत सुटली. तिथल्या सत्यशीला सिस्टरनं लगेच मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं पोरीनं पाणी मागितलं, तेव्हा कुठं सोमारी रडली.

"हे ॲलर्जी हाय," सिस्टर म्हणाली. "पुढच्या खेपेले इथवर याले टाइम नाई भेटला तं? हे औषध तुह्या हाताशी पायजे."

"मंग दे न, बाई."

"हेच शेवटचं होतं."

सोमारी तालुक्याला गेली. डॉक्टरांनी पोरीला तपासून चिठ्ठी दिली. औषधांच्या दुकानदारानं सांगितलं, "एक पेनासारखं येते, मांडीले दाबलं का आपोआप सुई. पन ते परदेशातून मागवा लागते." त्याची किंमत ऐकून सोमारी हसलीच. "आमचा अख्खा तेंदू गेला, तं त्याचं टोपन येईन!"

त्याच औषधाची साधी काचेची कुपी मात्र स्वस्त होती. चहा-नाश्त्याच्या मोलाची. पण ती एकाही दुकानात नव्हती. "कोन घेते? पडून पडून तारीख निघून जाते," दुकानदार म्हणाला. महाग औषध माणसांना घेता येत नाही, आणि स्वस्त औषध कुणी ठेवत नाही. मित्रांनो, मी भोपळा आहे, मला हे कोडं सुटलं नाही. तुम्हाला सुटतं का बघा.

शेवटी सिस्टरनंच चंद्रपूरहून एक कुपी आणवली. डॉक्टरांच्या परवानगीनं तिनं सोमारीला सगळं शिकवलं: कुपी कशी फोडायची, लेकरासाठी किती आणि मोठ्यासाठी किती घ्यायचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं टोचायचं, आणि टोचल्यावरही दवाखाना का चुकवायचा नाही. "हे तापू देऊ नको. उजेडात ठेवू नको," ती म्हणाली.

घरात फ्रीज कुठला! सोमारीनं वर पाहिलं. मी दिसलो. तिनं माझं तोंड कापून रुंद केलं, कुपी आणि सुई एका बंद डबीत घालून माझ्या अंधाऱ्या पोटात ठेवली, आणि वरून ओलं फडकं गुंडाळलं. फडकं सुकलं की पुन्हा भिजवायची. कधीकाळी मी गावाचं पाणी वाहिलं होतं. आता दीपिकाचा श्वास वाहू लागलो.

तेंदूचा हंगाम आला. पत्त्याच्या पुड्यांची मोजणी जिथं होते, त्या फडीवर सोमारी मला आणि दीपिकाला घेऊन गेली. तिथला मुन्शी बिरजू भलता कडक. पान फाटकं दिसलं की पुडा बाजूला फेकायचा. बायका त्याला मनातल्या मनात शिव्या घालायच्या.

त्या दिवशी घारीनं झाडावरच्या आग्या मोहोळावर झडप घातली, आणि माश्यांचा काळा ढग खाली उतरला. पळापळ झाली. दीपिका आणि आणखी दोन लेकरं उघड्यावर अडकली. बिरजू ताडपत्री घेऊन धावला, तिन्ही लेकरं झाकली, आणि कडा दाबून वर आडवा पडला. माश्या पांगल्या तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. लेकरांना एक डंख नव्हता. बिरजूच्या छातीत मात्र तीच शिट्टी वाजत होती.

सोमारीनं मला छातीशी धरलं. कुपी एकच होती. एकदा फोडली की उरलेलं औषध ठेवता येत नाही. माश्या अजून झाडाभोवती घोंघावत होत्या, आणि पोर तिथंच होती.

ताडपत्रीखालून दीपिकाचा आवाज आला, "माय, दे न त्याइले!"

सोमारीनं कुपी फोडली. बिरजूच्या मांडीत सुई गेली. त्याला आडवं करून ट्रॅक्टरवर घातलं आणि दवाखान्याकडं नेलं. सुरजागडच्या खाणीकडून येणारे लोखंडी दगडाचे ट्रक रस्त्यावर एकामागून एक उभे होते. पुढं बसलेल्या बायकांनी ओरडून ओरडून वाट काढली. तो वाचला.

पण आता मी रिकामा होतो.

उपकेंद्राचं कपाटही रिकामं होतं. तेव्हा सोमारी फडीवरच्या सगळ्या बायकांना घेऊन तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात गेली आणि मला साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

साहेब म्हणाले, "मागणी वर पाठवलेली आहे. वरून येईल तेव्हा मिळेल."

"मधमाशी बी वरून हुकूम घेऊन येते का, साहेब?"

"हे पाहा, तुमच्या मुलीसाठी दिलेलं औषध तुम्ही दुसऱ्याला दिलंत. आता लगेच दुसरं कुठून आणू?"

सोमारीचा आवाज चढला नाही, पण माझी चीरसुद्धा झणझणली. "त्या मानसाचा श्वास माह्या पोरीच्या श्वासाहून हलका होता का? मी भीक मांगून नाई राह्यली. औषध स्वस्त हाय. मंग आमच्या गावात नाई काऊन? कुपी भेटल्याबिगर आमी उठत नाई."

आणि त्या खरंच उठल्या नाहीत. व्हरांड्यात बसल्या, तिथंच भाकरीची गाठोडी सोडली. सुजलेल्या तोंडानं बिरजूही येऊन बसला. "हिचं औषध माह्या अंगात हाय," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. दुपार कलली तसे साहेबांचे फोन सुरू झाले. दिवस मावळायच्या आत जिल्ह्याहून गाडी आली. उपकेंद्राला खोका मिळाला, हंगामभर प्रत्येक फडीवर कुपी ठेवायचं ठरलं, आणि एक कुपी माझ्या पोटात आली.

ते पेन अजून परदेशातच आहे, आणि किंमत तेवढीच. निघताना साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी पाहू."

"आमी येऊनच पाहू," सोमारी म्हणाली.

मित्रांनो, गोष्ट सांगून झाली की जुन्या वस्तू विनवतात, आम्हाला जपा. मी विनवणार नाही. मी फुटलो तर सोमारी दुसरं भांडं शोधेल. पण तुमच्या वर्गात कुणाला माशीचा डंख, अंडं किंवा शेंगदाणा सोसत नसेल, तर आजच विचारा, त्याचं औषध कुठं आहे? शाळेत विचारा, दवाखान्यात विचारा. "नाही" असं उत्तर आलं, तर मान खाली घालून घरी जाऊ नका.

तिथंच बसा.