कूलरमधलं तांबं

"आधी लोहचुंबक लाव. मग तोंड उघड."

वस्ताद उबाल्दोला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण माझा भाऊ एवारिस्तो तेलाचा फिल्टर कापायला बसला की हे वाक्य त्याला ऐकू येतंच. मला ते कळतं, कारण तो क्षणभर मान वर करून शेडच्या दाराकडे बघतो. म्हातारा तिथंच उभा राहून त्याला शिकवायचा.

त्या गुरुवारी सकाळीही त्यानं दाराकडे बघितलं. फिल्टरचा डबा कापून झाला होता. आतला घड्यांचा कागद त्यानं बाकावर उन्हात पसरला. काळ्या तेलात भिजलेल्या त्या घड्यांमध्ये बारीक चमचम होती.

रुलो वाकून बघत म्हणाला, "म्हाताऱ्या, हे इंजिन आहे की कार्निव्हलच्या नाचणारीचा झगा?"

रुलो आमच्याकडे वेल्डिंग करतो. माझा भाऊ फारसा बोलत नाही, त्याच्या वाटचंही रुलोच बोलतो.

एवारिस्तोनं कागदावरून हळूहळू लोहचुंबक फिरवलं आणि उलटं करून बघितलं. त्याला काहीच चिकटलं नव्हतं. मगच तो बोलला.

"लोखंड नाही. तांबं आहे. बेअरिंग झिजला की असं पडतं."

मालेना गाडीच्या दाराला टेकून उभी होती. मालेना म्हणजे दार्दोची मुलगी, एवारिस्तोची नात. गाडी तिच्यासाठीच बांधली होती. आदल्या दिवशी ट्रॅकवर चाचणी झाली होती आणि रविवारी तिची पहिली शर्यत होती.

"नोनो, रविवारचं काय?" तिनं आजोबाला विचारलं.

"आधी हे कुठून येतंय ते बघू."

"आणि नाही कळलं तर?"

"तर गाडी इथंच राहील. आपण दोघं मंडपात बसून शर्यत बघू."

"तू कुठला बघतोस? डोळे मिटून बसतोस नुसता."

"ऐकतो," तो म्हणाला. "इंजिन ऐकायचं असतं."

ती हसली. मी नाही हसले. दार्दो गेल्यापासून माझ्या भावानं एकही शर्यत उघड्या डोळ्यांनी पाहिलेली नाही.

दार्दो त्याचा एकुलता एक मुलगा. बापानं बांधलेलं इंजिन घेऊन तो उत्तरेच्या वळणावरून बाहेर गेला, तेव्हा मालेना पाळण्यात होती. वळणाच्या अगदी तोंडाशी टायरचे काळे पट्टे उमटले होते. साऱ्या गावानं ते पाहिले. एवारिस्तोही पायी तिथवर गेला, खाली बसला, पट्ट्यांवरून हात फिरवला आणि उठून एवढंच म्हणाला, "उशिरा दाबला ब्रेक." गावात इंजिनांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा असतो. बापानंच म्हटल्यावर विषय संपला. ते इंजिन त्यानं कधी उघडलं नाही. "डॉक्टरांना पोराला कापू दिलं नाही, इंजिनही कापणार नाही," असं म्हणून तसंच बंद भंगारात घातलं.

तेव्हापासून त्या घरात एकच वाक्य राहिलं. सून यानिना मुलीला सायकल शिकवतानाही तेच म्हणायची आणि सूप गरम असताना तोंडाला लावलं तरी तेच: बापासारखी घाई करू नकोस. मालेना तशीच वाढली. गाडी सुरेख चालवते, पण प्रत्येक वळणाआधी फार लवकर ब्रेक दाबते. बाकीचे ड्रायव्हर तिला 'आजीबाई' म्हणतात.

दुपारी यानिना खिमा भरलेल्या एम्पानादा घेऊन आली. बाकावरचा कागद बघितला आणि तिनं भांडं तसंच हातात धरून ठेवलं.

"काय झालंय, बाबा?"

"अजून कळलं नाही. उद्या इंजिन उघडतो."

"मुलीला धोका आहे?"

"कळल्याशिवाय तिला बसू देणार नाही."

भांडं खाली ठेवून ती त्याच्यासमोर उभी राहिली. ती कधी आवाज चढवत नाही. "बाबा, जे काही निघेल ते आधी मला सांगा. मागच्या वेळी मला पेट्रोल पंपावर कळलं होतं. पेट्रोल भरणारा दुसऱ्याला सांगत होता, की बापानंच सांगितलं, पोरानं ब्रेक उशिरा दाबला. मी शेजारी उभी होते, लेकरू कडेवर घेऊन."

हे आम्हाला ठाऊक नव्हतं. रुलोनं उगाचच पाने पुसायला घेतले.

एवारिस्तो म्हणाला, "तुला आधी सांगेन. शब्द दिला."

माझा भाऊ सहसा शब्द देत नाही. गिऱ्हाईक 'शनिवारी नक्की ना?' म्हणालं, तर 'बघू' म्हणतो.

शुक्रवारी सकाळी इंजिन खाली आलं. मी चर्चमधून येईपर्यंत क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, बाहेर काढून झाला होता आणि सगळे बेअरिंग दोन-दोनच्या जोडीनं स्वच्छ फडक्यावर मांडलेले होते. मी येर्बाचा कडू काढा केला. एकाच नळीनं तिघांनी आळीपाळीनं घेतला. शेवटी मीच विचारलं, "मग कुठला झिजलाय?"

"एकही नाही," एवारिस्तो म्हणाला.

बेअरिंग ताज्या माशाच्या पोटासारखे चंदेरी होते. जवळून पाहिल्यावरच त्यांवर केसासारखे ओरखडे दिसत, आणि मधूनमधून रुतलेला एखादा तांबडा कण.

"हे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत," तो सांगू लागला. तो मला काही समजावून सांगतो तेव्हा खरं तर स्वतःलाच सांगत असतो. "यांत तांबं नाहीच. पूर्वी तांब्याचे बसवायचो, तो काळ गेला. या अख्ख्या इंजिनात झिजून पडेल असं तांबं कुठंच नाही."

"मग आलं कुठून?" रुलो म्हणाला. "एल्विराबाई, तुमची जपमाळ पडली का तेलात?"

"माझी लाकडाची आहे," मी म्हटलं.

"मग चमत्कार झाला. पाद्र्याला बोलवा."

एवारिस्तोचं लक्ष नव्हतं. तो स्टुलावर बसून गाडीच्या नाकाकडे बघत होता. इंजिन काढल्यामुळे ती जागा पोकळ झाली होती, आणि पुढच्या बाजूला एकच जुनी वस्तू उरली होती. तेल थंड करणारा कूलर. बारीक नळ्यांची ती चपटी जाळी इतकी घासलेली, की तिच्यात आपला चेहरा दिसावा.

आमच्या गावात एक रीत आहे. शर्यतीत गेलेल्या माणसाची गाडी पूर्ण भंगारात घालत नाहीत. तिचा एक भाग त्या घरच्या पुढच्या गाडीत बसवतात. कुणी गिअरचा दांडा बसवतं, कुणी आरसा. दार्दोची गाडी मागच्या बाजूनं आदळली होती, त्यामुळे पुढचा कूलर जसाच्या तसा राहिला. यानिनानं तो सांभाळला. मालेनाची गाडी बांधायला घेतली, तेव्हा टेबलावर घालायच्या भरतकामाच्या कापडात गुंडाळून ती तो घेऊन आली. एवारिस्तोनं बराच वेळ तो हातात धरला, मग म्हणाला, "ठेव." मी त्यावर तीर्थाच्या पाण्यानं क्रूस काढला.

"वस्ताद काय म्हणायचा?" एवारिस्तोनं आता विचारलं.

रुलोनं मान खाली घातली. "इंजिन फुटलं की कूलर फेकून दे. त्याची आतडी कुणाच्या बापाला धुता येत नाहीत."

"मला ठाऊक होतं."

"पण तू धुतलास ना तो? माझ्यासमोर धुतलास."

"धुतला. पेट्रोल स्वच्छ निघालं. मला तेवढंच बघायचं होतं, म्हणून तिथंच थांबलो. तिला नाही कसं म्हणणार होतो?"

त्यानं कूलर सोडवला आणि माझ्याकडे पीठ गाळायचं पांढरं फडकं मागितलं. मी इनॅमलच्या तसराळ्यावर ते ताणून धरलं. त्यानं उलट्या बाजूनं, म्हणजे तेल जिथून बाहेर पडतं तिथून, पेट्रोल ओतलं आणि लाकडी हातोड्यानं हलकेच थापट्या मारू लागला, बाळाला ढेकर काढायला पाठीवर माराव्यात तशा. आधी स्वच्छ पेट्रोल आलं, मग काळपट. आणि मग कुठंतरी काहीतरी सुटलं आणि फडक्यावर तांबडी वाळू उतरली. ती थांबेचना. सगळ्यात शेवटी एक तुकडा पडला. नखाएवढा, किंचित वाकलेला, एक कड अजून गुळगुळीत.

रुलोनं टोपी काढली. "धडकेत मोडलं असेल," तो घाईघाईनं म्हणाला. "एवढी मोठी धडक होती."

"धडकेत इंजिन थांबलं. थांबलेलं इंजिन तेल ढकलत नाही." एवारिस्तोनं तो तुकडा तळहातावर घेतला. "हे इथवर आलं, म्हणजे तेल फिरत होतं. आधी दार्दोचा बेअरिंग गेला, चालत्या इंजिनात. त्यानं क्रँक जाम केला आणि क्रँकनं मागची चाकं. तिथंच, वळणाच्या तोंडाशी." त्यानं तुकड्यावर मूठ मिटली. "ते पट्टे मी ब्रेकचे म्हणून वाचले. ते माझ्या इंजिनाचे होते."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढून घेतलं. दुपारच्या झोपेची वेळ झाली होती.

पहिला बोलला तो रुलोच. त्याचा आवाज मी एवढा हळू कधी ऐकला नव्हता. "हे बघ. नवा कूलर आणू. आज रात्रीपर्यंत इंजिन परत बांधू. पोरगी रविवारी पळेल. आणि हे फडकं शेगडीत टाक. तू, मी, एल्विराबाई, चौथ्याला कळायचं कारण नाही."

"यानिनाला शब्द दिलाय."

"म्हणून सांग, की कूलरमध्ये जुना गाळ होता. खोटं आहे का? लोक काय म्हणतील याचा विचार केलायस? एवारिस्तोनं आपल्याच पोराला..."

"म्हणू देत. इतकी वर्षं त्याला म्हणाले. तो तर उत्तर द्यायलाही नव्हता."

खरं सांगते, मला रुलोचंच बरोबर वाटत होतं. माझा भाऊ म्हातारा झालाय. त्याच्याकडे त्या नावाशिवाय दुसरं काय आहे? मी म्हटलं, "सोमवारी सांग. निदान शर्यत होऊ दे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही.

"एल्विरा, रविवारी ती पोरगी कशाला भीत गाडी चालवणार आहे? बापाच्या चुकीला. रक्तातनं आली असेल म्हणून. आणि ती चूक तर ही इथं, तुझ्या फडक्यावर पडलीय."

रोजच्या जपमाळेतला दहा मण्यांचा एक फेरा मी दार्दोसाठी म्हणत आले होते, त्याच्या घाईला क्षमा मिळावी म्हणून. एकही दिवस चुकवला नव्हता. आता त्या फेऱ्यात कुणासाठी काय मागायचं, ते मला कळेना.

एवारिस्तो घरात आला. शेडमधल्या नळावर न जाता त्यानं स्वयंपाकघरात माझ्या साबणानं हात धुतले, नखं काडीनं साफ केली, पुन्हा धुतले. निळा सदरा मागितला. मी इस्त्री फिरवून दिला. तो तुकडा त्यानं रुमालात बांधून खिशात ठेवला.

"पिकअपनं सोडतो," रुलो दारातून म्हणाला.

"चालत जातो."

"ती झोपली असेल आत्ता."

"तर उठवीन."

आमच्याकडे दुपारच्या झोपेच्या वेळी डॉक्टर आणि पाद्री सोडून कुणी कुणाचं दार वाजवत नाही. मी फाटकाशी उभी राहिले. सगळ्या खिडक्या मिटलेल्या होत्या, कुत्री भिंतींच्या कडेला पडली होती. सावलीची बाजू मोकळी असूनही तो रस्त्याच्या मधोमध उन्हातून चालला होता. हळू, पण कुठं न थांबता. कोपऱ्यावर त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि यानिनाच्या गल्लीत वळला.